तोजीचा एकवीस तारखेचा बाजार : जुनी इमारी घ्यायला कसा आहे?

काचेच्या कपाटातली, प्रमाणपत्रासकट, एकही डाग नसलेली काकिएमोन किंवा नाबेशिमा (जुन्या जपानी पोर्सेलिनचे उंची प्रकार) घ्यायची असेल तर क्योतोच्या तोजी मंदिरातल्या बाजाराला जाऊ नका. मिळणार नाही. आणि कोणी 'ही घ्या नाबेशिमा' म्हणून पुढे केलीच तर हसून 'आरिगातो' म्हणा आणि पुढे चला. पण दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीची निळी-पांढरी इमारी, म्हणजे क्यूशू बेटावरची पोर्सेलिनची भांडी, स्वतःच्या हातात उलटीसुलटी करून बघायची असेल, बुडावर नख फिरवायचं असेल, पाच विक्रेत्यांचे पाच भाव ऐकायचे असतील आणि दोन-तीन हजार येनांत एखादी वस्तू घरी आणायची असेल, तर याहून चांगली जागा मला अजून सापडलेली नाही.

मी दातांची डॉक्टर. संशोधनासाठी हिराकाताला राहते, म्हणजे ओसाका आणि क्योतो यांच्या अधेमधे. पोर्सेलिनच्या कॅप बसवणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे ग्लेझ (वरचा काचेसारखा लेप), तडे, टवके यांच्याकडे बघायची डोळ्यांना सवय आहे आणि बाजारात ती फार उपयोगी पडते. भिंगही तेच नेते, दवाखान्यातलं.

बाजार दर महिन्याच्या २१ तारखेला भरतो, वार कुठलाही असो. ज्यांच्याकडे ८२३ साली हे मंदिर सोपवलं गेलं ते कूकाई, म्हणजेच कोबो दाइशी, ८३५ मध्ये तिसऱ्या महिन्याच्या एकविसाव्या दिवशी गेले, म्हणून ही तारीख. क्योतोची माणसं बाजाराला 'कोबो-सान'च म्हणतात, घरातल्या वडीलधाऱ्याला म्हणावं तसं. एकवीस तारीख मंगळवारी-बुधवारी आली की नोकरदारांची पंचाईत होते. मी सरळ रजा टाकते. आमच्या लॅबमध्ये आता त्याची कोणी चौकशीही करत नाही.

हजाराच्या आसपास पथाऱ्या असतात, पण म्हणून हुरळून जाऊ नका. त्यातल्या बऱ्याचशा लोणची, सुके मासे, रोपटी, स्वयंपाकाच्या सुऱ्या, जुने किमोनो आणि आजीबाईंचे लोकरी मोजे यांच्या. जुन्या भांड्यांचे विक्रेते त्यात विखुरलेले, आणि पोर्सेलिन समजणारे त्याहून कमी. पहिल्यांदा आलेला माणूस मुख्य दरवाजातून शिरतो, ऑक्टोपसच्या गोळ्यांच्या रांगेत अडकतो आणि अर्ध्या तासानं विचारतो, 'कुठंय इमारी?' एक फेरी काहीही न घेता मारायची. कोणाकडे काय आहे ते डोक्यात बसलं की दुसऱ्या फेरीत उकिडवं बसायचं.

हे सगळं चालतं त्या पाचमजली लाकडी पॅगोडाच्या साक्षीनं. उंची जवळपास ५५ मीटर, आणि आज उभा आहे तो १६४४ सालचा. त्याच साली तिकडे पेकिंगमध्ये मिंग राजवट कोसळली. त्या धामधुमीत चिनी भट्ट्यांचा माल युरोपला मिळेनासा झाला आणि डच ईस्ट इंडिया कंपनीनं क्यूशू बेटावरच्या आरिताकडे मोर्चा वळवला. १६५९ साली कंपनीनं एकदम पन्नास हजारांहून जास्त नगांची मागणी नोंदवली. आरितात पोर्सेलिन बनू लागून तेव्हा जेमतेम चाळीस-पन्नास वर्षं झाली होती. परंपरेनं १६१६ साल धरतात: जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या कोरियावरच्या स्वाऱ्यांमध्ये जे कुंभार इकडे आणले गेले, त्यांतल्या यी साम-प्योंग यांना इझुमियामाच्या डोंगरात हवा तसा दगड सापडला, असं सांगतात. माल जवळच्या इमारी बंदरातून बाहेर जायचा, म्हणून भांड्यांचंही नाव इमारी पडलं. थोडक्यात, ज्या वर्षी हा पॅगोडा नव्यानं उभा राहिला त्याच वर्षी आरिताचं नशीब उघडायला सुरुवात झाली. आणि आज त्याच आरिताचे कप त्याच्या पायथ्याशी निळ्या ताडपत्रीवर मांडलेले असतात. मला ही गोष्ट दर वेळी मनापासून आवडते, कितीही गर्दी असली तरी.

आता मुद्द्याचं. इथे घ्यायचं काय?

माझं उत्तर सोबा-चोको. जेमतेम सहा सेंटीमीटर उंच, तोंडाशी सात-आठ सेंटीमीटर रुंद, कान नसलेला, वर थोडा उघडत गेलेला कप. गार शेवया बुडवायच्या रस्स्यासाठी वापरतात म्हणून हे नाव. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ दरम्यान, यांचे ढीगच्या ढीग बनले, म्हणून आजही परवडतात. नक्षी शेकड्यांनी. शिवाय अख्ख्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले बदल या एवढ्याशा कपाच्या बुडावर वाचता येतात. ताटल्या गोळा करणाऱ्याला घर मोठं लागतं. चोकोवाल्याला एक फळी पुरते.

एक उदाहरण सांगते, म्हणजे बघायचं कसं ते कळेल. पॅगोडाच्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ बसतात. बोलतात कमी, भाव मात्र वाजवी सांगतात. त्यांच्याकडे एक चोको होता, बाहेरून बाणाच्या पिसांची नक्षी, ओळीनं उभी पिसं. आतल्या काठाला तिरप्या चौकड्यांची बारीक पट्टी आणि आत तळाशी पाच पाकळ्यांचं फूल. पहिल्यांदा मी पिसं मोजत नाही, सांधा शोधते. हातानं रंगवणारा माणूस एका जागी सुरुवात करून गोल फिरत परत तिथेच येतो, आणि शेवटच्या दोन पिसांना जागा कमी पडते. इथेही दोन पिसं अंग चोरून उभी होती. कुंचला उचलला त्या प्रत्येक टोकाशी निळ्याचा एक गडद थेंब साचला होता. निळा रंगही भडक नव्हता, किंचित राखाडीकडे झुकलेला होता. नैसर्गिक कोबाल्टचा असाच येतो. मग कप उलटा केला. रुंद बूड, त्यावर ग्लेझ नसलेलं एक खरखरीत कडं आणि मधोमध खोलगट ग्लेझ केलेली चकती. या प्रकाराला जानोमे म्हणतात. अठराव्या शतकाच्या मध्यापासून दिसू लागतो आणि एदो काळ संपेपर्यंत चालतो. एवढ्यावर काळ बऱ्यापैकी ठरला.

बुडाशी एक तिरपी रेघ होती. मी बोट ठेवायच्या आत गृहस्थ म्हणाले, 'कामाकिझु.' म्हणजे भट्टीतच पडलेली चीर, नंतरची फूट नव्हे. विकणारा हे म्हणणारच, कारण भट्टीतल्या दोषानं किंमत फारशी उतरत नाही आणि नंतरच्या तड्यानं निम्मी होते. पण हे तपासता येतं. भट्टीत चिरलेल्या जागी वितळलेलं ग्लेझ आत ओघळतं, कडा गोल होतात आणि त्यावरून नख सुळकन निघून जातं. नंतरचा तडा धारदार असतो, नख अडकतं, आणि वर्षानुवर्षांच्या चहा-सोयाचा तपकिरी रंग आत मुरलेला असतो. भिंगाखाली तर शंकाच राहत नाही. दातावरची नुसती रेघ आणि खरी फट यांत मी रोज हाच फरक करते. गृहस्थ खरं बोलत होते. काठावर तांदळाच्या कणीएवढा एक टवका होता, तो त्यांनी स्वतःहून दाखवला. भाव २,८०० येन, दिला २,५०० ला. वर्तमानपत्रात गुंडाळून देताना सुटे पैसे हातावर ठेवायच्या आधी त्यांनी ते दोनदा मोजले.

आता उलटा अनुभव, म्हणजे तोजीचं गुणगान एकतर्फी होणार नाही. एका टेबलावाल्याकडे, नाव-गाव सोडून देते, एकवीस सेंटीमीटरची ताटली होती. ताकोकाराकुसा नक्षी, म्हणजे ऑक्टोपसच्या बाहूंसारख्या वळलेल्या वेली, त्यांना छोटे छोटे आकडे. मागच्या काठावर नारिंगी गोल स्टिकर, ९,००० येन. ताटली उन्हात तिरकी धरली तर समोरच्या बाजूनं काठापासून केसासारखी बारीक रेघ आत शिरलेली, आणि मागे ती नेमकी स्टिकरखाली गायब झालेली. 'स्टिकर काढून बघू का?' विचारलं. उत्तर अर्थातच 'कामाकिझु'. नख फिरवलं, अडकलं. मी काही बोलले नाही, तरी भाव आपोआप ६,००० वर आला. ताटली दोन्ही हातांनी जागेवर ठेवली आणि उठले. त्या टेबलावर तेव्हापासून मी बसत नाही. तुम्ही मात्र स्टिकर कुठे लावलाय ते बघत जा. प्रामाणिक विक्रेता तो बुडाच्या मधोमध लावतो किंवा दोऱ्यानं चिठ्ठी बांधतो.

'एदो, एदो' हा घोष तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल. त्यातला बराच माल मेजी काळातला, म्हणजे १८६८ नंतरचा असतो. ओळखायला सोपं आहे. १८७० साली गॉटफ्रीड वाग्नर नावाचा जर्मन रसायनतज्ज्ञ आरितात आला आणि त्यानं तिथल्या लोकांना कारखान्यात तयार झालेलं कोबाल्ट वापरायला शिकवलं. तिथून पुढचा निळा एकदम चमकदार, जांभळ्याकडे झुकलेला, डोळ्यांत भरणारा. त्यातच कागदी साच्यातून नक्षी उमटवायची पद्धत रुळली. मग रेघा ठिपक्याठिपक्यांच्या दिसतात, साच्याला धरून ठेवणारे बारीक पूल पांढरे राहतात आणि जिथे कागद संपला तिथे अर्धं फूल दुसऱ्या अर्ध्या फुलावर चढतं. पुढे तांब्याच्या पत्र्यावरून उतरवलेली नक्षी आली, तिच्यातल्या रेघा नोटेवरच्या रेघांइतक्या बारीक. अशा ताटल्या इथे ५०० ते ८०० येनांना मिळतात आणि मी त्या खुशाल घेते. आमच्या घरात रोज त्यातच जेवण होतं. संग्राहकांपैकी काही जण छापील म्हटलं की नाक मुरडतात. मला त्याचं कारण कळलेलं नाही. सांधा चुकलेली छापील ताटली मला कित्येकदा सरधोपट हातरंगाई केलेल्या ताटलीपेक्षा जास्त आवडते. फक्त ती एदो म्हणून, एदोच्या भावात घेऊ नका.

ताकोकाराकुसाचंही तसंच. जुन्या, काळजीपूर्वक केलेल्या कामात वेलीची आधी दुहेरी कड आखतात आणि मग आत रंग भरतात. जसजसा काळ पुढे सरकतो तसतशी कड गळते, एकाच फटकाऱ्यात वेल येते आणि एकोणिसाव्या शतकात तर नुसते स्वल्पविराम उरतात. विक्रेते तिन्हींना एकाच सुरात 'ताकोकाराकुसा, एदो' म्हणतात. भावात मात्र पाचपट फरक असायला हवा.

लाल-सोनेरी रंगीत इमारी तोजीत भरपूर दिसते आणि लांबून मोहवते. जरीकामासारखी गच्च भरलेली ही शैली गेनरोकू काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या शेवटाला, बहरली. पण ताडपत्रीवर दिसणारी बहुतेक भांडी मेजी, ताइशो (१९१२-२६), कधी कधी त्याहूनही अलीकडची. बुडावर रोमन लिपीत देशाचं नाव असेल तर प्रश्नच मिटला: अमेरिकेच्या १८९० च्या आयातकर कायद्यानं मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, तेव्हापासूनचा निर्यातीचा माल. उलट, बुडावर चिनी अक्षरांत 'महान मिंग, छंगह्वा काळात बनवलेले' असं लिहिलेलं असेल तर चिनी वस्तू सापडली म्हणून उड्या मारू नका. छंगह्वा सम्राट १४८७ मध्ये वारला. आरिताचे लोक त्यानंतर दोन-तीन शतकं हे शब्द आपल्या भांड्यांवर बिनदिक्कत लिहीत होते. त्यात फसवणूक नव्हती, रिवाजच तसा होता. रंगीत भांड्यांबद्दल डॉक्टर म्हणून एक: ग्लेझच्या वर चढवलेल्या जुन्या रंगांत शिसं असू शकतं. ती शोभेलाच ठेवा, लोणचं-लिंबू त्यात वाढू नका. निळं-पांढरं निर्धास्त, तिथे रंग ग्लेझच्या खाली बंद असतो. फक्त तडा किंवा डागडुजी असेल ते टाळा. सोनेरी नक्षी मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडवते, हे वेगळं सांगायला नको.

डागडुजीवरून आठवलं. सोन्याच्या रेघेनं सांधलेली भांडी हल्ली परदेशी गिऱ्हाइकांना फार भावतात आणि विक्रेत्यांनाही ते कळलंय. मी काही वेळा साध्या, मूळची किंमत हजार येनही नसलेल्या कपावर नवी कोरी सोनेरी रेघ आणि त्यासाठी आठ हजारांचा भाव पाहिला आहे. रेघ खऱ्या लाखेची की चिकट राळेवर सोनेरी पूड मारलेली, हे नुसत्या डोळ्यांनी कळणं अवघड. मी ३६५ नॅनोमीटरची छोटी अतिनील टॉर्च जवळ ठेवते. परवानगी विचारायची, कोटाच्या आडोशाला अंधार करायचा आणि प्रकाश टाकायचा. आधुनिक राळ आणि वरून मारलेला रंग बहुधा निळसर पांढरा चमकून उठतो, पोर्सेलिन तेवढं चमकत नाही. एका विक्रेत्यानं हा खेळ पाहिला आणि शेजाऱ्याच्या मालावर मारून बघायला सांगितलं. स्वतःच्या मालावर नाही. दोघांच्या मैत्रीखातर मी नकार दिला.

हात लावायचे संकेत पाळा. जपानी येत नसलं तरी नजरेनं विचारा. अंगठ्या काढा, गळ्यातला कॅमेरा पाठीवर टाका. वस्तू ताडपत्रीच्या जवळच, खालीच धरून बघायची, उभं राहून नाही. काठाला धरून उचलायचं नाही, एक हात बुडाखाली हवा. दुसऱ्यांच्या भांड्यांवरून हात पलीकडे न्यायचा नाही. बोटानं हलकीशी टिचकी मारली तर अखंड कप टणत्कार देतो, तडकलेला दबका वाजतो, पण तीही विचारूनच मारा. हे पाळलंत तर तीच माणसं मागच्या खोक्यातून वेगळं काही काढून दाखवतात. न पाळणाऱ्या पर्यटकांमुळे काही जणांनी आता 'हात लावू नये'च्या पाट्या ठेवल्यात, आणि मग इथे यायचं प्रयोजनच संपतं.

घासाघीस चालते, पण हळू आवाजात. निम्म्या भावापासून सुरुवात केलीत तर समोरचा नुसता हसेल आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळेल. दोन-तीन वस्तू एकत्र घेतल्या की वरची शेकड्यातली रक्कम सोडून देतात. भवानीच्या वेळी जरा जास्त सुटतं, आवराआवर करताना त्याहून जास्त, पण तोवर चांगलं ते गेलेलं असतं. माझ्या अंदाजानं थोडा टवका असलेला उत्तर-एदो चोको १,५०० ते ३,००० येन, स्वच्छ आणि नक्षी चांगली असेल तर ५,००० ते १०,०००. सतराव्या शतकातल्या चोकोचा भाव त्याच्या कितीतरी वर जातो आणि तो ताडपत्रीवर मिळण्याची आशा धरू नये. रोख पैसे आणा. कार्ड फार थोडे घेतात. पावती मागितली तर बहुतेक जण देतात. जुन्या वस्तूंच्या धंद्याला १९४९ च्या कायद्यानुसार परवाना लागतो आणि विक्रेते परवान्याच्या क्रमांकाची छोटी पाटी लावतात. पाटी दिसली नाही तर महागाचा सौदा करू नका. परत घेण्याची भाषा इथे नाही. घेतलं ते तुमचं.

पाचाचा संच हा एक विषय. इकडे भांडी पाचात विकतात. आपल्याला सहाची सवय, त्यामुळे माझी आई अजून विचारते की सहावा कुठे पडला. संचाबरोबर लाकडी पेटी असेल तर झाकणाच्या आतल्या बाजूला शाईनं लिहिलेलं वर्ष दिसतं, घरानं तो संच ज्या वर्षी घेतला ते. काळ ठरवायला याच्याइतका चांगला पुरावा नाही, पण पेट्या बदलतात. पेटीतले कप्पे कपांना बेताचे बसतात का, बुडाचा ठसा जुन्या कागदावर उमटलाय का, हे बघा. सैल बसणारे कप त्या पेटीचे नसतात. आणि पाचही कप सारखे भासले तरी पाचांची बुडं बघा. चार जुने आणि पाचवा नंतर बनवून घातलेला, हे सर्रास चालतं. पूर्वीही घराघरांतून फुटलेल्याच्या जागी असा नवा कप करून घ्यायचे, तेव्हा त्यात लबाडीच असेल असंही नाही.

आता माझा जीव कशात अडकलाय ते सांगते, कारण त्याचं थोडं श्रेय हिराकाताला जातं. एदो काळात ओसाका-क्योतो प्रवास योदो नदीतून होड्यांनी व्हायचा. हिराकाताजवळ आल्या की खाद्यपदार्थ विकणाऱ्या होड्या त्यांना भिडायच्या आणि विकणारे अत्यंत उद्धट भाषेत 'अरे खाताय की नाही' असं ओरडायचे. त्यांच्या जाड, करड्या पांढऱ्या, घाईनं रंगवलेल्या वाडग्यांना कुरावांका म्हणतात. आरिताशेजारच्या हासामीच्या भट्ट्यांतून हे असंख्य निघाले. वाडग्यांवरून बिल व्हायचं म्हणून गिऱ्हाइकं रिकामी वाडगी गुपचूप नदीत सोडून द्यायची, अशीही गोष्ट सांगतात. आतमध्ये ग्लेझ खरवडून काढलेलं एक कडं दिसतं. एकावर एक रचून भाजताना चिकटू नयेत म्हणून ही युक्ती. ती गोल खरखरीत पट्टी, त्यावर दोन-तीन फटकाऱ्यांत उरकलेली फांदी, बुडाला चिकटलेली भट्टीची वाळू: यात सुबक असं काही नाही. पण रंगवणाऱ्याचा हात इतका सरावलेला आहे की त्या दोन फटकाऱ्यांत बांबू उभा राहतो. तोजीत हे वाडगे १,५०० पासून मिळतात. क्योतोची मंडळी त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात, ते माझ्या पथ्यावर पडतं.

दुसरीकडे कुठे जावं? २५ तारखेला क्योतोतल्याच कितानो तेनमांगू देवळाच्या आवारात असाच बाजार भरतो. बरेच विक्रेते तेच. शिनमोनझेन रस्त्यावरची दुकानं शांत, चहा देणारी, आणि भावही त्या चहासकट. पण तिथे चांगली, निर्दोष वस्तू मिळते आणि विकणारा तिची ओळख करून देतो, म्हणून पन्नास हजारांच्या वरची खरेदी मी तिथेच करा म्हणेन. इंटरनेटवरचे लिलाव स्वस्त, पण तिथे नख फिरवता येत नाही आणि टिचकी मारता येत नाही. आरिताचा २९ एप्रिल ते ५ मेचा मोठा बाजार हा मुख्यतः नव्या भांड्यांचा, जुन्यासाठी तेवढा लांब जाऊ नका. आरिताला जायचं ते क्यूशू सिरॅमिक म्युझियमसाठी. शिबाता दांपत्यानं दिलेला दहा हजारांहून जास्त नगांचा संग्रह तिथे आहे, काळानुसार लावलेला, आणि कायमचं प्रदर्शन बघायला तिकीट नाही. बुडं कशी बदलत गेली, निळा कसा बदलत गेला, हे एका दिवसात डोळ्यांखालून जातं. तोजीला जाण्याआधी ते बघता आलं तर सोन्याहून पिवळं.

सोयींबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. शौचालयं आहेत, रांगा आहेत. बसायला जागा कमी. मोठी बॅग स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाकून या, कारण पाठीवरची सॅक वळताना कोणाच्या तरी ताटल्या पाडेल आणि पैसे तुम्हीच भराल. क्योतो स्टेशनच्या हाचिजो बाजूनं पंधराएक मिनिटं चालत. मी हिराकाताहून केइहान रेल्वेनं ताम्बाबाशीपर्यंत, तिथे किन्तेत्सू पकडून तोजी स्टेशन, म्हणजे क्योतो स्टेशनची गर्दीच टळते. आठच्या आत पोचलात तर खोकी उघडताना बघायला मिळतील. अकराला आलात तर फक्त माणसांच्या पाठी. बबल रॅप आणि दोन जुने टॉवेल घरून आणा, वर्तमानपत्राच्या एका घडीवर भरवसा ठेवून विमान पकडू नका. भांडी सामानात न टाकता केबिनमध्येच घ्या.

पाच ताऱ्यांपैकी चार देते. एक कापला तो स्टिकरवाल्यासाठी आणि पावसासाठी. पावसात निम्मे विक्रेते येत नाहीत, जे येतात ते प्लास्टिकखाली माल झाकून बसतात, आणि ओल्या ग्लेझवर बारीक तडा दिसतच नाही. डिसेंबरचा वर्षातला शेवटचा बाजार हौसेनं बघा, खरेदीला नको, तिथे हलायलाही जागा नसते. माझी पसंती फेब्रुवारीला. गर्दी विरळ, विक्रेते गप्पांच्या मूडमध्ये. फक्त थंडीनं बोटं बधिर होतात आणि बधिर नखाला तडा कळत नाही, तेव्हा खिशात गरम पॅक ठेवा आणि कप उचलण्याआधी हात चांगले शेकून घ्या.